कथा दुसऱ्यांदा वाचताना : ‘काबुलीवाला’ आणि तीन रकान्यांची वही

वाचनावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज वही आणि पेन्सिल घेऊन बसायचं आहे. एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. “आम्ही वाचतो, आवडतंही. पण त्यात काय आवडलं असं कुणी विचारलं, तर दोन वाक्यांच्या पुढे जाता येत नाही. चार महिन्यांनी तर गोष्टही धड आठवत नाही. मग आम्हाला साहित्य कळतं की नाही?”

माझं उत्तर असं आहे की कळण्याची सुरुवात झालेली असते, पण ती तिथेच थांबते. आवडणं हे पहिल्या वाचनाचं काम. कळणं हे बहुधा दुसऱ्या वाचनात घडतं, आणि दोन वाचनांच्या मध्ये टिपणांची वही असेल तर फारच बरं. ती वही कशी ठेवायची, हे आज एक कथा हातात घेऊन पाहू.

मी कोलकात्यात राहते. इथल्या कॉलेज स्ट्रीटला लोक बोईपाडा म्हणतात, म्हणजे पुस्तकांचा मोहल्ला. तिथून जुनं पुस्तक घेतलं की आधीच्या वाचकाच्या खुणा त्यात फुकट मिळतात. बहुतेक खुणा एकसारख्या असतात. ओळीखाली रेघ, समासात ‘सुंदर’, कुठे परीक्षेसाठी केलेली चौकट. या खुणांवरून एवढंच समजतं की तो वाचक इथे थांबला होता. का थांबला, ते समजत नाही, आणि वर्षभराने ते पुस्तक त्याच्याच हातात दिलं तर त्यालाही सांगता येणार नाही. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : रेघ म्हणजे टिपण नव्हे. टिपणात निदान एक क्रियापद असावं. ‘सुंदर’ असं लिहू नका. ‘इथे बोलणं थांबतं’, ‘इथे तो पैसे नाकारतो’ असं लिहा.

कथा निवडली आहे रवींद्रनाथ ठाकुरांची ‘काबुलीवाला’. १८९२ साली ती ‘साधना’ मासिकात आली. हे साने गुरुजींचं ‘साधना’ नव्हे, ठाकुर घराण्यातून निघणारं बंगाली मासिक. कथा कोलकात्यातल्या एका गल्लीतली आहे, छोटी आहे, मराठीत सहज मिळते. आणि एक मोठी अडचण म्हणजे ती सगळ्यांना माहीत आहे. कुणी तपन सिन्हांचा १९५७ चा बंगाली चित्रपट पाहिलेला असतो, कुणी बलराज साहनींचा १९६१ चा हिंदी. माहीत असलेली गोष्ट वाचणं सगळ्यात कठीण, कारण डोळे ओळींवरून फिरतात आणि डोकं आठवणीतला चित्रपट बघत असतं.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि काय समजलं ते लिहून मागितलं. अशा तेरा कवितांवरच्या उत्तरांचा अभ्यास त्यांनी १९२९ साली पुस्तकरूपाने छापला. चांगले शिकलेले विद्यार्थीही समोरच्या ओळी वाचण्याऐवजी मनात तयार असलेलं उत्तर लिहून मोकळे होतात, असं त्यात दिसलं. आई म्हटलं की माया, म्हातारा म्हटलं की करुणा. आपणही ‘काबुलीवाला’ म्हटलं की ‘बापाचं प्रेम’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. हे उत्तर खोटं नाही, पण ते कथा न वाचताही देता येतं. वहीचं काम एवढंच की तिने आपल्याला तयार उत्तरावरून उठवून पुन्हा ओळींजवळ बसवावं.

पहिली पायरी : फक्त काय घडलं

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय करा. कथा संपली की पुस्तक मिटून पाच-सहा वाक्यांत घटना लिहा. मत नको, विशेषण नको. मी अशी लिहीन :

पाच वर्षांच्या बडबड्या मिनीची सुकामेवा विकणाऱ्या रहमतशी मैत्री होते. एका गिऱ्हाइकाने चादरीचे राहिलेले पैसे नाकारल्यावर भांडण होऊन रहमत त्याला सुरा मारतो आणि तुरुंगात जातो. काही वर्षांनी सुटून तो थेट मिनीला भेटायला येतो, तो दिवस तिच्या लग्नाचा असतो. मिनीचे वडील आधी त्याला परत पाठवू पाहतात. मग तो आपल्या मुलीच्या हाताचा ठसा असलेला कागद दाखवतो. वडील मिनीला बोलावून त्याला भेटवतात आणि गावी जायला पैसे देतात.

हे सोपं वाटतं, पण करून बघा. आमच्या वाचनगटात पहिल्याच प्रयत्नात अर्ध्या लोकांनी ‘प्रेमळ रहमत’, ‘बिचारा रहमत’ असं लिहिलं होतं, आणि वडील त्याला आधी परत पाठवू पाहतात ही गोष्ट जवळपास सगळ्यांच्या यादीतून गळली होती. आपल्याला न आवडणारी घटना मन हळूच गाळून टाकतं. म्हणून ही यादी करायची.

दुसरी पायरी : तीन रकाने

आता वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारा. पहिल्या रकान्यात ‘कथेत काय आहे’, पान क्रमांकासह. दुसऱ्यात ‘मला काय वाटलं’. तिसऱ्यात ‘प्रश्न’. मग कथा पुन्हा वाचा, या वेळी सावकाश.

रकाने वेगळे का, ते एका उदाहरणाने सांगते. मिनीला आधी काबुलीवाल्याची भीती वाटते. त्याच्या झोळीत आपल्यासारखीच मुलं असतील, असा तिचा समज असतो. तिच्या आईला तर पुढेही धास्ती असते की हा माणूस मूल पळवून नेईल. हे पहिल्या रकान्यात गेलं. आमच्या गटातल्या एका बाईंनी दुसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहिला : ‘बर्गी’. बंगालमध्ये मुलांना झोपवताना जे जुनं गाणं म्हणतात, त्यात बर्गी आल्याची भीती आहे. हे बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. १७४२ ते १७५१ या काळात त्यांच्या स्वाऱ्या इथे झाल्या आणि त्यांच्या धाकाने कोलकात्याभोवती खंदक खणला गेला. बागबाजारात त्या मराठा खंदकाच्या नावाची गल्ली आजही आहे. म्हणजे इथल्या मुलांच्या झोपेत भीती बनून येणारे परके कधीकाळी आपण होतो!

टिपण सुंदर आहे, पण ते कथेत नाही. कथेत बर्गींचा उल्लेखच नाही. ते त्या बाईंचं आहे, आणि म्हणून त्याची जागा दुसऱ्या रकान्यात. आपला अनुभव वाचनात आणायला माझी हरकत नाही, उलट तो हवाच. फक्त तो लेखकाच्या तोंडी घालायचा नाही. एवढी शिस्त पाळली की वाद निम्मे मिटतात.

तिसरी पायरी : पुन्हा आलेली गोष्ट

आता पहिल्या रकान्यावरून नजर फिरवा आणि शोधा की कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आली. पुन्हा येताना ती बदलली का? विश्लेषण हा जड शब्द वाटत असेल, तर तो सोडा आणि एवढाच प्रश्न विचारा.

‘काबुलीवाला’त सासर तीनदा येतं. बंगालीत शब्द आहे ‘शोशुरबाडी’. पहिल्यांदा ते थट्टेत येतं. रहमत मिनीला सासरी जाण्यावरून चिडवतो. तिला शब्द नीट कळत नाही, म्हणून ती उलट त्यालाच विचारते की तू जाणार का. तो मूठ उगारून आपल्या नसलेल्या सासऱ्याला मारायचा आव आणतो आणि मिनी खळखळून हसते. दुसऱ्यांदा शिपाई रहमतला बांधून नेत असतात. मिनी सवयीने तोच प्रश्न विचारते. आता सासर म्हणजे तुरुंग, आणि रहमत हात बांधलेले दाखवून तीच थट्टा पुरी करतो. तिसऱ्यांदा मिनी नवरीच्या वेषात समोर उभी असते, तेव्हा रहमत विचारतो. या वेळी तिला अर्थ कळतो, ती लाजते आणि उत्तर देत नाही.

एकच प्रश्न. पहिल्यांदा हसू, दुसऱ्यांदा बांधलेले हात, तिसऱ्यांदा गप्प राहणं. मुलगी मोठी झाली हे लेखक वेगळं सांगत बसत नाही. या गप्प राहण्यानंतरच रहमत जमिनीवर बसतो, कारण त्याच क्षणी त्याच्या लक्षात येतं की आपली मुलगीही इतकीच मोठी झाली असणार आणि आपल्याला तिची नव्याने ओळख करून घ्यावी लागणार.

मराठी वाचकासाठी इथे एक खास अडचण आहे. बंगालीत ‘शोशुरबाडी’ हा एकच शब्द बाईलाही चालतो आणि पुरुषालाही. मराठीत बाई ‘सासरी’ जाते आणि पुरुष ‘सासुरवाडीला’. तुरुंगात गेलेल्याला थट्टेने आपणही ‘सासुरवाडीला गेलाय’ म्हणतो, ‘सासरी गेलाय’ म्हणत नाही. म्हणजे मराठीत येताना तो एक शब्द दुभंगतो आणि तीन प्रसंगांना बांधणारी गाठ सैल होते. यात भाषांतरकाराचा दोष नाही, भाषाच तशी आहे. तुमच्याकडच्या भाषांतरात या तीन जागी कोणते शब्द आहेत ते पाहून वहीत लिहा. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या आसपास बंगाली शिकले ते कशासाठी, हे अशा जागी समजतं. आपल्याला बंगाली शिकणं जमेल न जमेल, पण इथे काहीतरी निसटलं आहे एवढं टिपणं तर जमेल.

आता पैसा. तोही पुन्हा पुन्हा येतो. मिनीला दिलेल्या बदाम-बेदाण्यांबद्दल वडील रहमतला अधेली देतात, म्हणजे आठ आणे. तो ती झोळीत टाकतो आणि मागाहून मिनीलाच देऊन जातो. पुढे चादरीच्या पैशांवरून सुरा निघतो. लग्नाच्या दिवशी तो द्राक्षं आणि सुकामेवा घेऊन येतो, वडील पैसे देऊ लागतात आणि तो त्यांचा हात धरतो. शेवटी वडील त्याला एक नोट देतात. चार वेळा पैसा हात बदलतो किंवा बदलत नाही. या चार जागा एका खाली एक लिहा आणि तिसऱ्या रकान्यात विचारा : लग्नाच्या दिवशी पैसे नाकारणारा माणूस शेवटची नोट का घेतो?

कथा थेट उत्तर देत नाही. पण मधे काय घडलं ते पाहा. मधे कागदावरचा तो हात दिसला. आधी देणारा गिऱ्हाईक होता, आता देणारा दुसऱ्या मुलीचा बाप आहे. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल. फक्त ते कथेतल्या कुठल्या ओळीवर उभं आहे, ते दाखवता आलं पाहिजे.

चौथी पायरी : सांगणारा कोण?

कथा मिनीचे वडील सांगतात. ते स्वतः लेखक आहेत. सुरुवातीलाच ते कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात गुंतलेले आहेत, आणि त्या प्रकरणात नायक तुरुंगाच्या उंच खिडकीतून नायिकेसह नदीत उडी घेतो आहे. पुढे एक खराखुरा माणूस खराखुरा तुरुंग भोगून त्यांच्या दारात येतो, तेव्हा त्यांना काय वाटतं? शुभ दिवशी हा इथून जावा असं. कागदावरचा तुरुंग त्यांना रंगवता येतो, दारातला कैदी वाचता येत नाही. तोही वाचता येतो कधी, तर हातात एक कागद आल्यावर. त्यावर काजळी फासून उठवलेला एका लहान हाताचा ठसा आहे. अक्षर एकही नाही.

पहिल्या पायरीत गळून गेलेली घटना आठवते? वडिलांनी आधी रहमतला परत पाठवू पाहिलं होतं. ती यादीत असेल तरच ही पायरी चढता येते. ती गाळली तर उरते दोन चांगल्या माणसांची गोड गोष्ट. ती धरली तर दिसतं की सुशिक्षित, सहृदय, स्वतः लिहिणारा माणूससुद्धा दारातल्या माणसाला जवळपास चुकीचा वाचून मोकळा झाला होता.

आणि आता एका शब्दाकडे बघा. लग्न पूजेच्या सुट्टीत आहे. बंगालमध्ये दुर्गा ही माहेरी आलेली मुलगी. दशमीला ती कैलासाला, सासरी परत जाते. आपल्याकडे गौरी माहेरपणाला येतात, तसंच काहीसं. वडील म्हणतात की तिच्याबरोबर आमची मुलगीही घर अंधारं करून जाणार. त्या सकाळी सनईवर भैरवी चालू आहे. आपल्या मैफली ज्या रागाने संपतात तोच, त्यामुळे तिचा अर्थ मराठी माणसाला फोडून सांगायला नको. मग रहमतचा कागद पाहिल्यावर वडील त्या दूरच्या, कधी न पाहिलेल्या पठाण मुलीला काय म्हणतात? पार्वती. पर्वताची मुलगी. आपल्या लेकीच्या पाठवणीसाठी ज्या देवीची उपमा वापरली, त्याच देवीचं नाव त्यांनी तिला दिलं. ‘दोघेही बाप आहेत’ हा उद्गार सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण वडील त्या मुलीला आपल्या घरातली कधी करून घेतात, ते या एका शब्दात आहे, आणि तो शब्द घाईत वाचणाऱ्याला दिसत नाही.

पाचवी पायरी : बाहेरची एक चौकशी

प्रत्येक कथेत निदान एक गोष्ट अशी असते की ती शोधून काढली तर कथेचं वजन बदलतं. इथे ती दिव्यांची आहे. नोट किती रुपयांची ते लेखक सांगत नाहीत. पण ती दिल्यामुळे काय कापलं ते सांगतात : विजेचे दिवे आणि किल्ल्यातला बँड. आज आपण म्हणू, लग्नात थोडी रोषणाई कमी, त्यात काय! पण कोलकात्यात घरोघरी देण्याचा वीजपुरवठा सुरू झाला १८९९ मध्ये, म्हणजे कथा छापून आल्यावर सात वर्षांनी. १८९२ मध्ये लग्नात विजेचे दिवे म्हणजे सगळ्या आळीने बघायला यावं अशी मिरवण्याची गोष्ट होती. घरातल्या बायका नाराज झाल्या त्या उगाच नव्हे. चौकशी एवढीच करायची. रवींद्रनाथांचं सगळं चरित्र वाचत बसायची गरज नाही.

आमच्या गटात सांगली जिल्ह्यातले एक गृहस्थ येतात. सोन्याच्या गलाईचा त्यांच्या घराचा धंदा, खानापूर-आटपाडीकडची अशी शेकडो कुटुंबं देशभर पसरली आहेत. ते बडाबाजारात काम करतात, घरचे गावाकडे. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात एकच प्रश्न होता : “इतक्या वर्षांत रहमतला घरचं काहीच कळलं नव्हतं का?” कुणी म्हणालं लिहिता येत नसेल, कुणी म्हणालं तुरुंगातून कळवणार कसं. कथेत याचं उत्तर नाही. पण प्रश्नामुळे आम्ही ठसा पुन्हा पाहिला. त्या कागदाला तारीख नाही, त्यातला हात वाढत नाही. रहमत छातीशी धरून फिरतो ती मुलगी कधीच पुढे निघून गेली आहे, आणि हे त्याला समजतं ते मिनीकडे पाहून. त्या गृहस्थांचं शिक्षण जेमतेम दहावी. कथेच्या मध्यावर बोट ठेवणारा प्रश्न मात्र त्यांचाच होता. म्हणून कुणी ‘आपल्याला साहित्यातलं कळत नाही’ म्हणालं, की मी आधी त्यांच्या वहीचा तिसरा रकाना बघते.

शेवटची पायरी : एक परिच्छेद आणि तारीख

तिसऱ्या रकान्यातला एक प्रश्न निवडा आणि दहा ओळींत उत्तर लिहा. आधी तुमचं म्हणणं, मग कथेतले दोन पुरावे पान क्रमांकासह, आणि शेवटी तुमच्या म्हणण्याच्या आड येणारी एक गोष्ट. ही आड येणारी गोष्ट टाळू नका. ती लिहिली की आपलं वाचन प्रामाणिक राहतं. विद्यार्थी मित्रांना सांगते, गाईडमधला ‘कथेचा आशय’ पाठ करायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यात हा परिच्छेद होतो, आणि तो विसरत नाही, कारण तो तुम्ही केलेला असतो.

पानावर तारीख घाला. पाच वर्षांनी कथा तीच असेल, टिपणही तेच असेल, तुम्ही बदललेले असाल. आज मिनीच्या बाजूने वाचलेली कथा उद्या तिच्या वडिलांच्या बाजूने वाचाल, कदाचित कधीतरी घरापासून दूर राहून रहमतच्या बाजूने. जुनं टिपण समोर असेल तर हा फरक दिसतो. तेव्हा जुनं खोडू नका, खाली नवं लिहा.

आता गृहपाठ. सोपा आहे. तुमच्या घरात असलेली, तुम्हाला माहीत आहे असं वाटणारी एक छोटी कथा घ्या. घटना लिहा, तीन रकाने आखा, पुन्हा आलेली एक गोष्ट शोधा आणि ती कुठे बदलली ते टिपा. बाकी पायऱ्या सावकाश करा. पुढच्या भागात कविता घेऊ. तिथे घटना नसते, मग पहिल्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न येईल. तो तुमच्या वहीत आत्ताच लिहून ठेवा.